वचनावाचून

नवीन वर्षाच्या उपासनेसाठी चिठ्ठ्या लिहिण्याचे काम लुदियाकडे आले, ते तिच्या अक्षरामुळे. मिशनच्या मुलींच्या शाळेत ती तिसरीला शिकवायची, आणि फळ्यावरचे तिचे अक्षर पुसायला पोरींच्या जिवावर यायचे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, दीडशे वचने काढून देत. लुदिया ती रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर उतरवून काढी, एकेका पट्टीची सुरळी करी आणि सुरळीला दोरा गुंडाळी. एक तारखेला सकाळी ख्रिस्ती देवळातली उपासना संपली की पितळी ताट बाकांमधून फिरे. ज्याने त्याने डोळे मिटून एक सुरळी उचलायची. जे वचन हाती येईल ते देवाने त्या माणसाला त्या वर्षासाठी दिले, असे सगळी मंडळी धरून चाले. मग वर्षभर कुणी आजारी पडो, कुणाची नोकरी जावो, कुणाची सोयरीक मोडो, पहिला प्रश्न ठरलेला असे: "तुमचं औंदाचं वचन काय निघालं होतं?"

एकतीस सालासाठी लुदियाने दीडशे वचने लिहिली आणि वर आणखी एक लिहिले. ते पाळकसाहेबांच्या यादीत नव्हते. दुखणे बरे करण्याचे, आयुष्य वाढवून देण्याचे ते वचन तिने स्वतः शोधले होते, आणि ते तिच्या आईसाठी होते.

आई, गोजरबाई, मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या करायची. ऐंशी पोरींच्या दोन वेळच्या भाकऱ्या. मूळची ती केम गावाकडची. एकोणीसशेच्या दुष्काळात दहा वर्षांची असताना मिशनच्या अनाथाश्रमात आली, तिथेच वाढली, तिथेच तिचे लग्न झाले. नवरा गिरणीत होता; मानमोडीच्या तापाच्या साथीत चार दिवसांत गेला. तेव्हा लुदिया नऊ वर्षांची होती. त्यानंतर सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्या, बोर्डिंगातली चूल आणि लुदियाचे शिक्षण, एवढ्यावरच गोजरबाईने तेरा वर्षे काढली.

डिसेंबरात तिला काठवटीवर वाकता येईना, आणि बोर्डिंगातले काम सुटले. लुदियाने जवळजवळ ओढतच तिला बायकांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी बराच वेळ पोट दाबून पाहिले, हात धुतले आणि लुदियाला बाहेर बोलावून सांगितले, "पोटात गोळा आहे. मिरजेला मिशनच्या दवाखान्यात जाऊन काढून घ्यायला हवा. महिना, फार तर दीड महिना. त्याच्यापुढे थांबू नका."

गोजरबाईने वाटेत टांग्यात ते ऐकले आणि म्हणाली, "कापायला मी काय भोपळा हाय?"

थट्टा होती, पण त्यानंतर तिने तो विषय काढू दिला नाही. ती सुरीला घाबरली होती. मरणाला ती भीत नव्हती. मरण तिने लहानपणीच जवळून पाहिले होते. पण अनोळखी गाव, अनोळखी माणसे, गुंगीचे औषध, आणि आपण शुद्धीत नसताना कुणीतरी आपल्या अंगाला हात लावणार, याचा तिने धसका घेतला होता. लुदियाला वाटले, हिला धीर हवा आहे. देवाचे एक वचन हातात असले तर ही मिरजेला जाईल.

ते सोपे झाले, कारण ताट फिरवण्याचे कामही लुदियाकडेच होते. ती एक सुरळी तिने ताटाच्या काठाशी अंगठ्याखाली धरून ठेवली. बायकांच्या बाजूला चौथ्या बाकावर गोजरबाईने डोळे मिटले, ओठ हलवले, हात पुढे केला. लुदियाने ताट जरासे तिरके केले. आईच्या बोटांना तीच सुरळी लागली.

"वाच की," गोजरबाई तिथेच म्हणाली. तिला वाचता येई, पण अडखळत. आणि अशा वेळी तिला लेकीचा आवाज आवडे. लुदियाने वाचले. शेजारच्या बायका "स्तुती असो" म्हणाल्या. गोजरबाईने पदर डोळ्यांना लावला, आणि लुदिया ताट घेऊन पुढच्या बाकाकडे गेली.

दुपारी घरी आल्यावर गोजरबाईने ती चिठ्ठी आणखी दोनदा वाचून घेतली, बटव्यात ठेवली आणि म्हणाली, "झालं तर मग. आता मिरजंला कशाला जायाचं?"

लुदिया भात वाढत होती. "म्हणजे?"

"म्हंजी काय? द्येव म्हनतोय मी बरी करतो. आन मी म्हनू, थांब रं बाबा, आदी डाक्टरला इचारते? त्येला काय वाटंल?"

"आई, देव डॉक्टरच्या हातूनही बरं करतो."

"करतो की. पर हितं डाक्टर कुटं लिवलाय? तूच वाचलंस न्हवं?"

चिठ्ठीत डॉक्टर लिहायचे लुदियाला सुचले नव्हते.

त्याच वेळी सांगून टाकले असते तर? हा प्रश्न तिने पुढे स्वतःला इतक्या वेळा विचारला की त्याच्या कडा झिजून गेल्या. त्या दुपारी तिने ठरवले की आईला रविवारपर्यंत हा आनंद असू द्यावा. रविवारी गोजरबाई उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिली. कधी तोंड न उघडणारी बाई; पण त्या दिवशी ती बोलली, आणि मंडळीने टाळ्या वाजवून गीत म्हटले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तिच्या विश्वासावर उपदेश केला. त्याच्या पुढच्या रविवारीही तिचे उदाहरण दिले. आता सांगायचे म्हणजे आईला सगळ्यांपुढे खोटे पाडायचे. शिवाय गोजरबाईला खरोखरच बरे वाटत होते. रंग उजळला होता, जेवण जात होते. लुदियाच्या मनात हळूच एक विचार शिरला: कोण जाणे, देवानेच माझा हात वापरला असेल. तो विचार इतका सोयीचा होता की तिला त्याची भीती वाटायला हवी होती.

भिंतीपलीकडे शमशाद राहायची. तिचा नवरा कासीम टांगा हाकायचा. दोघी बायकांचे बारा-तेरा वर्षांचे शेजारपण होते. एकीची चूल पेटली की दुसरी विस्तव मागायला यायची आणि तासभर बसायची. तिनेही चिठ्ठीचे ऐकले होते.

"क्या गे गोजर," ती अंगणातूनच म्हणाली, "तेरे ख़ुदा की चिट्ठी आई बोलते?"

"आली की."

"अच्छा है. हमारे घोडे का बी पूछ ले. पांव कब अच्छा होता उसका?"

"तुज्या घोड्याचं तू बघ. मला एवडीच चिट्टी आलीया."

दोघी हसल्या. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लुदिया शाळेतून येत असताना शमशादने तिला दारातच थांबवले. ती हसत नव्हती.

"तेरे को एक बात बोलूं? तू इस्कूल को गई के तेरी मां चूल्हे के पास लेट जाती. मुंह में पदर भर लेती. तू आने का टाइम हुआ के उठ को बैठती, मुंह धोती. मेरे को कसम डाली थी, नक्को बोल बोल को. लेकिन मैं बोलतिऊं. गुनाह लगा तो मेरे को लगने दे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई शाळेत मुलींचे डोळे तपासायला आल्या होत्या. त्यांनी तिला ओळखले. "तुमच्या आईंची मिरजेला खाट सांगून ठेवली होती मी. महिना होऊन गेला. का नाही नेलंत?" लुदियाने "नेते" म्हटले. डॉक्टरबाई नुसत्या बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. ती घरी आली तेव्हा गोजरबाई सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली, गुडघे पोटाशी घेतलेले. लुदिया चप्पल काढून तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि एका दमात बोलली. दीडशेवर आणखी एक चिठ्ठी, अंगठ्याखाली धरलेली सुरळी, तिरके केलेले ताट. तिने काही गाळले नाही. "तू मिरजेला जावंस म्हणून केलं आई. तुला धीर यावा म्हणून."

गोजरबाईची बोटे ज्वारीत तशीच होती. तिने विचारले, "मग माजं कुटलं व्हतं?"

"काय?"

"माजं. मी उचललं असतं त्ये."

"माहीत नाही. ताटातच राहिलं असेल. नाहीतर दुसऱ्या कुणी उचललं असेल."

"म्हंजी द्येव माज्याशी बोललाच न्हाय." तिने लेकीकडे पाहिले. "त्येनं काय बोलायचं त्ये तूच बोललीस."

"आई..."

"आन मी रोज त्येचे उपकार मानत व्हते. रोज. दुखाय लागलं की म्हनायची, असू दे, वचन हाय. त्यो वर बसून काय म्हनत आसंल? ही कशाचे उपकार मानतीया म्हनत आसंल."

तिने सूप बाजूला ठेवले, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. लुदियाला वाटले, ही रडेल. ती रडली नाही. संध्याकाळी उठून तिने भाकऱ्या केल्या, लेकीच्या ताटात वाढल्या. रोज ती विचारायची, "आजून घे की, एवड्यानं काय हुतंय?" त्या दिवशी विचारले नाही. चार दिवस हेच चालले. चहा मिळत होता, पाणी तापत होते, कपडे धुतले जात होते. फक्त आई बोलत नव्हती. उपासनेला दोघी गेल्या, पण गोजरबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असे. वीस-पंचवीस माणसे येत. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारले, कुणाला काही सांगायचे आहे का. आणि गोजरबाई पुढच्या बाकाला धरून उभी राहिली. सगळ्यांचे चेहरे प्रसन्न झाले. आता आणखी एक साक्ष ऐकायला मिळणार होती.

"जानेवारीत म्या हितं बोलले व्हते," ती म्हणाली. "द्येवानं मला वचन दिलं म्हनून बोलले व्हते. त्ये खरं न्हाय. ती चिट्टी माजी नव्हती. चुकीनं माज्याकडं आली. मला औंदा कायबी वचन न्हाय." ती श्वास घेण्यासाठी थांबली. "माजं दुकनं हाय तसंच हाय. वाडलंय. शुक्रवारच्या गाडीनं मी मिरजंला चालले. बरी हुईन का न्हाय, ठावं न्हाय. द्येवानं मला सांगितलेलं न्हाय. तरी त्येच्याच भरवशावर जाती. तुमी प्रार्थना करा."

ती खाली बसली. "चुकीनं" हा एक शब्द घालून आईने आपल्याला वाचवले हे लुदियाला कळले, आणि ते तिला सहन झाले नाही. ती उभी राहिली.

"चुकीनं नाही. ती चिठ्ठी मी लिहिली आणि मीच आईच्या हातात दिली."

"बस खाली," गोजरबाई पुटपुटली.

"नाही आई. मी दिली. सगळ्यांना फसवलं."

पाळकसाहेब उंच, किंचित वाकलेले गृहस्थ होते. ते आणखी वाकल्यासारखे दिसले. चष्मा काढून पुसता पुसता ते म्हणाले, "मी या चिठ्ठीवर दोन रविवार बोललो. मला ते बोलायला फार गोड लागलं. गोजरबाई काय सोसतायत ते मी एकदाही जाऊन विचारलं नाही. तेव्हा लुदियाबाई, एकटी तूच उभी राहू नकोस." आणि ते स्वतः गुडघ्यांवर बसले.

वडीलमंडळातले महिपतीमास्तर मात्र घरी जाताना म्हणाले, "हिच्या हातचं लिखाण यापुढे देवळात नको." ते लुदियाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. तिला त्यात काही चूक दिसली नाही.

घरी येऊन गोजरबाईने चुलीत लाकूड सारले. "लई शानी," ती म्हणाली. चार दिवसांतले घरातले ते पहिले बोलणे. "मी झाकत व्हते, तर ही उगडं करतीया. भाकर किती घेशील?"

शुक्रवारी कासीमने त्यांना टांग्यातून स्टेशनवर सोडले आणि भाडे विचारल्यावर घोड्याशी बोलायला लागला. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून मिरजेच्या लहान गाडीत बसायचे होते. मध्ये दोन तास होते. गोजरबाई फलाटावर वळकटीला टेकून बसली आणि पुण्याकडे जाणाऱ्या रुळांकडे पाहू लागली.

"हेच्या फुडं केम," ती म्हणाली.

"हो."

"ह्याच रुळाच्या कडंनं आलो आमी. मी आन धाकटा भाऊ, भीमा. आयबाप गेलते. भीमा सा वर्सांचा. त्येला मी म्हनायची, त्यो खांब दिसतोय न्हवं, तितवर चल. तिता गेलं की म्हनायची, आता फुडला. असं लई खांब चालला त्यो. मग न्हाई चालला."

हे लुदियाला माहीत होते. पण खांबांचे तिने कधी ऐकले नव्हते.

"मिशनच्या मानसांनी मला उचललं. मोटी झाले, शास्तर शिकले. पाळकांनी इचारलं, गोजर, द्येवानं तुला का वाचवलं? मी म्हनाले, भीमाला का न्हाई वाचवलं? त्ये गप बसले. चांगला मानूस व्हता. उगं कायतरी सांगितलं न्हाई." तिने कूस बदलली, दात आवळले, मग परत बोलली. "एकतीस वर्सं झाली. मला आजून ठावं न्हाय. तवा कुनी चिट्टी दिली नव्हती, लुदे. चिट्टीबिगरच त्येच्या घरात राहिले मी. औंदाच काय ती चिट्टी मिळाली, तर ती बी तुज्या हातची."

ती हसली. हसताना तिला कळ आली, आणि तरी हसत राहिली. लुदियाने तिचा हात धरला. गोजरबाईने तो सहा दिवसांनी तिला धरू दिला.

मिरजेत आठ दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. गुंगी देण्यापूर्वी गोजरबाईने डॉक्टरांना विचारले, "तुमी प्रार्थना करता व्हय आदी?" डॉक्टर "करतो" म्हणाले. "मग करा की मोट्यानं. मला बी ऐकू द्या." त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. त्यांनी पोट उघडले, पाहिले आणि परत शिवले.

लुदियाला त्यांनी व्हरांड्यात सांगितले. गोळा पसरला होता. महिना, दोन महिने. तिने विचारायचे ते विचारले: "जानेवारीत आणलं असतं तर?"

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी घाई केली नाही. "सांगता येत नाही, बाई. कदाचित काढता आला असता. कदाचित तेव्हाही उशीर झालेलाच होता. तुम्हाला एक काहीतरी सांगून टाकावंसं वाटतं, पण मला खरंच माहीत नाही."

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. दोष पुरा तुझा, असे कुणी म्हणाले असते तर तो डोक्यावर घेऊन ती चालू लागली असती. तुझा काहीच दोष नाही, असे म्हणाले असते तर खाली ठेवला असता. हे दोन्ही तिला मिळणार नव्हते. वाचलेली सगळी पुस्तके तिने मनात चाळून पाहिली. त्यांत शहाणी वाक्ये पुष्कळ होती, पण या दोहोंच्या मधल्या जागेत बसायचे कसे, हे कुठे दिसले नाही.

मार्चच्या मध्याला त्या सोलापूरला परत आल्या. ऊन तापायला लागले होते. समाचाराला माणसे येत. येणाऱ्या प्रत्येकाजवळ देवाने हे का केले याचे एक कारण असे. महिपतीमास्तरांची बायको मथुराबाई एके दुपारी आली, पंख्याने वारा घालत बसली आणि लुदिया आत पाणी भरत असताना हलक्या आवाजात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका गोजरबाई. देवाचा हेतू असतो. लुदियाला धडा मिळावा म्हणून त्याने हे केलं. आता ती पुन्हा असं करायची नाही."

गोजरबाईचा आवाज बसला होता, तरी तो आतल्या खोलीत नीट ऐकू आला. "व्हय? माज्या पोटात गोळा घातला त्यो हिला शिकवाया? त्येच्याकडं पाटी-पेन्सिल न्हाय व्हय?"

"असं कसं बोलता? हेतू असतोच की."

"आसंल की. न्हाय कोन म्हनतंय? पर तुमाला कुनी सांगितला? मला न्हाय सांगितला त्येनं, आन गोळा माज्या पोटात हाय. पंका द्या हिकडं, तुमचा हात दुकंल."

मथुराबाई गेल्यावर लुदिया बाहेर आली. तिच्या हातातली कळशी अजून तशीच होती. "ती बरोबर बोलली, आई. मलाही तसंच वाटतं. माझ्या पापासाठी तुला..."

"ठिव ती कळशी खाली. सांडतीया."

तिने ठेवली.

"हिकडं बस. आता ऐक. तू खोटं केलंस. त्येची माफी तू मागितलीस, मी दिली, द्येवानं दिली. संपलं. आन माजं दुकनं येगळं हाय. त्ये डिसेंबरातच व्हतं. दोनी एका दोऱ्यात बांदू नको. हिशेब जुळावा म्हनून तू द्येवाला खाटिक करतीयास. त्यो तसा न्हाय. मी त्येला एकतीस वर्सं वळकती."

"मग तो कसा आहे? हे का केलं त्यानं?"

"ठावं न्हाय," गोजरबाई म्हणाली. "मला ठावं न्हाय म्हनून त्येला बी ठावं नसंल, असं हाय व्हय? भाकरी करताना तू लहानपनी इचारायचीस, आये, पीठ इतकं का मळतीस? मी म्हनायची, गप बस, भाकर झाली की खा. मला सांगाया येत नव्हतं. पर मला म्हाईत व्हतं की." ती थकली. डोळे मिटून म्हणाली, "प्रार्थना कर. मोट्यानं."

"काय मागू?"

"मागू नको काय. माज्याशी बोलतीस तसं बोल."

फेब्रुवारीपासून लुदियाने मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. शब्द यायला वेळ लागला. मग तिने देवाला सांगितले की ती रागावली आहे, आणि ती कुणावर रागावली आहे हे तिला नीट कळत नाही. डॉक्टरांना माहीत नव्हते ते त्याला माहीत आहे, आणि ते तिला कधीच कळले नाही तरी त्याने तिला सोडू नये. वाक्ये तुटकी होती. शाळेत मुलींना शिकवायची तसली प्रार्थना ती नव्हती. मध्येच तिने डोळे उघडून पाहिले तर गोजरबाई झोपली होती, तोंड किंचित उघडे. लुदियाने पंखा उचलला आणि उरलेली प्रार्थना वारा घालता घालता पुरी केली.

गोजरबाई एप्रिलच्या एकवीस तारखेला सकाळी गेली. शेवटचे दोन दिवस ती लुदियाला भीमा म्हणत होती, आणि लुदिया ओ देत होती.

दफनाला बोर्डिंगातल्या ऐंशीच्या ऐंशी मुली आल्या. कबरीपाशी घरच्या माणसाने चार शब्द बोलायचे, अशी मंडळीत रीत होती. ते शब्दही जवळजवळ ठरलेले असत, आणि पाळकसाहेबांनी लुदियाला हळूच म्हटले, "नको असेल तर मी बोलतो." तिने मान हलवली आणि एक पाऊल पुढे झाली. समोर महिपतीमास्तर होते, मथुराबाई होती, डॉक्टरबाई होत्या. कुंपणाबाहेर लिंबाच्या सावलीत शमशाद आणि कासीम उभे होते.

"देवानं आईला औंदा काही सांगितलं नव्हतं," लुदिया म्हणाली. "तरी ती त्याच्याच भरवशावर गेली, हे मी पाहिलं. हे असं का झालं, मला माहीत नाही. माझ्यामुळे झालं की नाही, तेही माहीत नाही." मुलींच्या रांगेतून हुंदके यायला लागले. तिने ते थांबायची वाट पाहिली. "पण ज्याला माहीत आहे त्याच्या हातात ती आहे. मी पण तिथंच राहणार आहे. एवढंच."

तिने वाकून मूठभर माती घेतली. माती उन्हाने तापलेली होती. ती तिने खाली सोडली आणि मागे सरून मुलींच्या रांगेत, तिसरीच्या पोरींच्या शेजारी उभी राहिली.